घरातून भेट आलेली जुनी गाडी

नमस्कार श्रोतेहो.

सासऱ्यांना आता रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, त्यांनी गाडी चालवणं सोडलंय. किंवा मामांनी नवी गाडी घेतली आणि जुनीची शोरूममध्ये फारच कमी किंमत आली. मग जेवताना विषय निघतो. "बाहेरच्याला मातीमोल भावात देण्यापेक्षा तूच घेऊन जा." तुमच्याकडे पार्किंग नाही, ऑफिसला तुम्ही लोकलने जाता, गाडीची गरजही नाही. पण समोर वडीलधारी व्यक्ती असते आणि बोलण्यात माया असते. नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

'धर्माची गाय अन् दात का गे नाय' असं आपल्याकडे म्हणतात. फुकट मिळालेल्या वस्तूची चिकित्सा करू नये, हा त्याचा रोख. मोटारीच्या बाबतीत मात्र दात मोजायलाच हवेत, आणि किल्ली हातात येण्याआधी मोजायला हवेत. गाडी तुमच्या दारात आणि नाव मामांचं, अशी अर्धवट भेट दोघांच्याही गळ्यात पडते. आजचं बोलणं त्यासाठीच आहे.

सुरुवात आरसी बुकापासून करा. त्यावर चार गोष्टी बघायच्या. पहिली, नोंदणीची तारीख. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी भंगारातच जाते असा समज पसरलाय, तो दिल्ली आणि आसपासच्या भागातल्या निर्बंधांमुळे. महाराष्ट्रात गाडीची तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पण एप्रिल २०२२ पासून त्याची फी मोटारीला ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. म्हणजे साडेचौदा वर्षांची गाडी फुकट मिळाली तरी सहा महिन्यांत हा खर्च तुमच्या दारात उभा राहणार.

दुसरी गोष्ट, आरसीवर बँकेचा बोजा आहे का. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहून जातो. हे फार घरांत आढळतं. बोजा उतरल्याशिवाय नाव बदलत नाही. त्यासाठी बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, आणि हे काम देणाऱ्यानेच करायचं असतं. तिसरी, इंधनाची नोंद. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. चौथी, राज्य. काका म्हापशाचे आणि तुम्ही कोल्हापूरचे असाल, तर गोव्याच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणावं लागेल आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागेल. जुन्या गाडीसाठी हा खटाटोप परवडतो का, ते आधी कागदावर मांडा.

त्याच कागदावर वर्षाचा खर्चही लिहा. नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा, २०२२ च्या दराने १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्याच्या वर ७,८९७. पीयूसी, सोसायटीचं पार्किंग, वर्षातून एक सर्व्हिसिंग, तीन-चार वर्षांनी बॅटरी, पाच-सहा वर्षांनी चार टायर. महिन्याला दोनदाच गाडी निघणार असेल, तर तेवढ्या पैशांत वर्षभर रिक्षा-टॅक्सी होते का, हा हिशेब जोडीदारासोबत बसून करा.

हिशेब जमत नसेल तर नाही म्हणा, पण लवकर म्हणा. देणाऱ्याने सर्व्हिसिंग करून, धुऊनपुसून गाडी दारात आणल्यावर दिलेला नकार जास्त लागतो. "मामा, तुम्ही माझा विचार केलात. पण माझ्याकडे ती रस्त्यावर उभी राहील, उन्हापावसात सडेल, आणि ते तुम्हाला बघवणार नाही. ती चांगल्या ठिकाणी जाईल एवढं मी बघतो." असं बोललात तर पुढचं काम खरंच अंगावर घ्या: दोन-तीन ठिकाणची किंमत काढणं, कागद जमवणं, खरेदीदारासोबत आरटीओचं काम पुरं करणं. वडीलधाऱ्यांना बहुतेकदा गाडी देण्याची घाई नसते, या व्यापातून सुटायची असते.

गाडी चालण्याजोगी उरलीच नसेल तर ती गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो, त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, राज्याचा चालू दर आरटीओत विचारून घ्या. आणि नोंदणी कायमची रद्द होते. गल्लीत तुटलेली गाडी सरकारदरबारी मामांच्या नावावर जिवंतच राहते.

आता समजा, हिशेब जमला आणि तुम्ही हो म्हणालात.

जंगम वस्तूची भेट ताबा दिला की पुरी होते, त्याला नोंदणीकृत बक्षीसपत्र लागत नाही. घेणाऱ्याने ती स्वीकारलेली मात्र हवी, आणि देणारा हयात असतानाच. तरीही साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सह्या करा: गाडीचा नंबर, चासी नंबर, किलोमीटर, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ. वेळ यासाठी की त्या दिवशी सकाळी सिग्नल तोडल्याचं चलन आलं तर ते कोणाचं, यावरून नात्यात कडवटपणा नको. आयकराची भीती बाळगू नका. ज्या भेटवस्तूंवर कर लागतो त्या यादीत जमीन-घर, शेअर, दागिने, चित्रं-शिल्पं, सोनं-चांदी अशा गोष्टी आहेत, मोटार नाही.

मग नाव बदलणं. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून सह्या करायच्या. देणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. दोघं वेगवेगळ्या राज्यांत असाल तर देणाऱ्याला ४५ दिवस. सोबत आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलेली नसेल तर आधी ती बसवा. मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. जुनी ई-चलनं भरून टाका. काम अडतं ते मात्र बहुतेकदा एका क्षुल्लक गोष्टीवर: ओटीपी. आरटीओची कामं जिथे होतात त्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर मामांचा दहा वर्षांपूर्वीचा, केव्हाच बंद पडलेला मोबाइल नंबर असतो. सगळ्यात आधी तो नंबर बदलून घ्या, म्हणजे पुढचे हेलपाटे वाचतील.

गाडी देणारी व्यक्ती हयात नसेल तर रस्ता वेगळा. तिथे फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. तीन महिन्यांची मुदत असते. आईच्या नावाची गाडी धाकट्या भावाने नुसतीच वापरत राहणं, हे बहिणींवरही अन्याय करणारं आहे आणि त्याच्या स्वतःसाठीही धोक्याचं.

नाव न बदलल्याने काय होतं? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावर आली. म्हणजे तुमच्या आळसाची भरपाई सत्तरीतल्या मामांनी करायची. हे होऊ देऊ नका.

विम्याकडे तर लोक बघतच नाहीत. गाडी हस्तांतरित झाली की थर्ड पार्टी संरक्षण कायद्याने पुढे चालू राहतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. नाही केली आणि झाड पडून टप चेपला, तर दावा नाकारला जातो. पॉलिसी मामांची, गाडी तुमची, आणि त्या गाडीत मामांचा विमायोग्य हितसंबंधच उरलेला नाही, म्हणजे तिच्या नुकसानीने त्यांचं काही जात नाही, असं कारण मिळतं. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमासुद्धा आरसीवरच्या मालकाला असतो, स्टिअरिंगवर बसलेल्या भाच्याला नाही.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मामांचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळणार नाही, उलट उरलेल्या मुदतीचा फरक तुम्हाला भरावा लागेल. पण मामांनी बोनस राखून ठेवल्याचं पत्र विमा कंपनीकडून घेतलं, तर तीन वर्षांच्या आत स्वतःच्या दुसऱ्या गाडीवर तो वापरता येतो. नव्या गाडीच्या विम्यात त्यांचे हजारो रुपये वाचू शकतात. भेट घेताना आपणही त्यांना एवढं मिळवून द्यावं. फास्टॅगही त्यांच्या बँकेतून बंद करवा, नाहीतर तुमचा खालापूरचा टोल त्यांच्या खात्यातून कापला जाईल.

राहिली प्रत्यक्ष गाडी. वर्षभर उभी असलेली गाडी जम्प केबल लावून लगेच चालू करण्याचा मोह होतो. इथेच इंजिनाचं नुकसान होतं, कारण सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खाली उतरून गेलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात. आधी बॉनेट उघडून उंदरांचं घर बघा: एअर फिल्टरच्या डब्यात कापूस, कुरतडलेल्या वायरी. मग ऑइलची काडी ओढा. ऑइल भरायच्या झाकणाखाली फेसाळ पांढरट थर दिसला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असू शकतं. अशी गाडी चालू न करता टोचन करून गॅरेजला न्या.

सगळं ठीक असेल तर फिटरकडून स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पाचेक मिली इंजिन ऑइल सोडा आणि पान्याने क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. तो अडला तर जोर करू नका. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून प्लग बाहेर असतानाच पाच-पाच सेकंद स्टार्टर मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. त्यानंतर प्लग आणि फ्यूज बसवून गाडी चालू करा. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ व्होल्ट दाखवते. चार्ज करूनही ती १२ च्या खाली घसरत असेल तर प्लेटांवर गंधकाचे क्षार चढलेत, बदलावीच लागेल. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत, नाहीतर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघा.

टाकीत वर्षापूर्वीचं पेट्रोल असेल तर ते काढून टाका. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या गाडीचे रबरी होस त्याने लवकर मऊ पडतात किंवा तडकतात. इंजिन ऑइल किलोमीटर न बघता बदला, लहान गाडीला तीन-साडेतीन लिटर पुरतं. टायमिंग बेल्ट रबरी असेल आणि शेवटचा कधी बदलला त्याची नोंद नसेल तर तो बदललाच पाहिजे. तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि त्या दुरुस्तीत गाडीच्या किमतीएवढे पैसे जातात. टायरची नक्षी जाड दिसते म्हणून फसू नका. कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटलेल्या आणि बाजूने भेगाळलेल्या टायरवर महामार्गावर जाऊ नका.

हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी पावसाळ्यानंतर मागच्या चाकांना जागची हलत नाही, ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले असतात. गिअर टाकून ओढाताण केली तर अस्तर उखडतं. चाक काढून ड्रमवर हलकेच ठोकलं की सुटतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. त्यात मुरलेलं पाणी लांब उतारावर उकळतं आणि पॅडल एकदम पोकळ लागतं. म्हणून पहिलीच फेरी ताम्हिणी घाट उतरायला नको. गावातल्या गावात वीस किलोमीटर फिरवा, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा.

आणि त्या रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर काळपट तपकिरी डाग असेल तर इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट फिकट असेल तर ब्रेक ऑइल, आणि नुसतं पाणी असेल तर एसीचं. पुठ्ठ्याचा फोटो काढून गॅरेजला जाताना सोबत न्या. डाग नेमका कुठे पडलाय त्यावरून फिटरला गळती लवकर सापडते.

नमस्कार.