चुकलेलं उत्तर टाकून देऊ नका

(समोर अर्धे जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि अर्धे कारखान्यांतले ट्रेनिंगवाले बसले होते, तेव्हा केलेलं हे भाषण. बोलले तसंच ठेवलंय, थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. आधी फळ्याकडे बघा. एक वजाबाकी लिहिलीय, ५२ वजा ३८, आणि खाली तीन मुलांनी दिलेली तीन उत्तरं आहेत, २६, २४ आणि ९०. तिन्ही चूक, बरोबर उत्तर १४. जुन्नर तालुक्यातल्या ज्या शाळेवर मी अकरा वर्षं होते तिथे ही तिन्ही उत्तरं मला एकाच तासाला मिळाली होती आणि मी तिघांच्याही वहीत लाल पेनाने फुली मारून पुढे गेले. मला आज त्या फुलीबद्दल बोलायचंय.

२६ कसं आलं बघा. त्या मुलीचं म्हणणं असं की दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन घालवू, उरले सहा, पाचातून तीन गेले दोन, झाले सव्वीस. म्हणजे तिला दशक सुटा करणं हा प्रकारच माहीत नाही. २४ वाल्याला तो माहीत आहे, त्याने बारातून आठ बरोबर घालवले, फक्त दशक उचलून आणल्यावर तिकडे पाचाचे चार झाले हे तो विसरला. आणि ९० वाल्याने चिन्हच बघितलं नाही, बेरीज करून मोकळा झाला, आणि ती बेरीज अगदी बरोबर आहे. आता मला सांगा, या तिघांना उद्या सकाळी एकच गोष्ट शिकवून चालेल का? पहिलीच्या हातात दहाच्या काड्यांचा गठ्ठा द्यायचा, तो सोडायला लावायचा. दुसऱ्याला फक्त त्या पाचावर काट मारून वर चार लिहायची सवय लावायची. तिसऱ्याला नुसतं म्हणायचं, बाळा चिन्ह वाच. पण माझ्या रजिस्टरला तिघांच्या नावापुढे शून्य होतं, एकसारखं शून्य.

अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ साली नेमकं यावर काम छापलं. त्यांचा एक कॉम्प्युटर प्रोग्राम होता, बग्गी नावाचा. तो प्रोग्राम चुका करणारं मूल बनायचा, शिक्षक त्याला गणितं घालायचे आणि याच्या डोक्यात नक्की कुठली चुकीची रीत बसलीय ते ओळखायचे. त्यांचं सांगणं हे की मूल बेफिकीर असतं म्हणून चुकतं असं पुष्कळदा नसतंच, ते एक चुकीची पण ठरलेली रीत अगदी इमानाने वापरत असतं. ही गोष्ट १९७८ ची आहे, आज आपल्या खिशातला फोन त्या काळच्या मशीनपेक्षा कितीतरी ताकदवान आहे, आणि तरी आपल्या टॅबवरची टेस्ट संपली की स्क्रीनवर काय येतं तर दहापैकी सहा. मुलाने कुठला चुकीचा पर्याय दाबला ते त्याच टॅबमध्ये साठवलेलं असतं हो, पण ते उघडून कोणी बघत नाही.

जरा मागे जाऊन एका मास्तरांची गोष्ट सांगते. रेनॉल्ड जॉन्सन, अमेरिकेत मिशिगनमधल्या हायस्कूलला शिकवायचे. पेपर तपासून कंटाळलेला माणूस असणार, आपल्यातलाच. पेन्सिलीच्या शिसात ग्राफाइट असतं आणि ग्राफाइटमधून वीज जाते, यावर त्यांनी मशीन बनवलं, उत्तराची जागा पेन्सिलीने भरली की तिथून करंट जाणार आणि काटा मार्क दाखवणार. आयबीएमने त्यांना घेतलं आणि १९३८ मध्ये ते मशीन ८०५ या नंबराने बाजारात आलं. म्हणजे आपल्या उत्तरपत्रिकेवरच्या त्या गोलांचा वंश इतका जुना आहे. पुढे याच जॉन्सन यांच्या टीमने आयबीएमची पहिली हार्ड डिस्क तयार केली, १९५६ मध्ये. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते, कारण ८०५ ला फक्त बेरीज जमायची, कोण कुठे चुकला हे लक्षात ठेवायला त्याच्याकडे जागाच नव्हती, आणि ती जागा त्याच माणसाने नंतर करून दिली. आज जागेचा प्रश्न उरलेलाच नाही, तरी आपण टेस्ट घेतो ती १९३८ सारखीच.

आता हेही सांगते की नुसता आकडा पुरेसा असतो अशी ठिकाणं आहेत. आपली सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते, मुलं इतकी असतात की पेपर अनेक दिवस, अनेक सत्रांत घ्यावा लागतो, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून मार्कांऐवजी पर्सेंटाइल काढतात. तिथे काम आहे रांग लावायचं, जागा कमी आणि मागणारे जास्त. ते काम मशीन हाताने करण्यापेक्षा नक्कीच बरं करतं. माझी तक्रार एवढीच की रांग लावायचं हत्यार आपण चौथीच्या वर्गात आणलं, जिथे कोणाची रांग लावायचीच नाहीये.

आणि आकडा उत्तरापासून सुटला की काय होतं ते २०२० मध्ये इंग्लंडने बघितलं. कोविडमुळे बारावीच्या तोडीची ए-लेव्हल परीक्षा झालीच नाही, मग ऑफक्वल या सरकारी संस्थेने शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल धरून एका सूत्राने ग्रेड काढले. शिक्षकांनी दिलेल्या अंदाजापेक्षा दहातले जवळपास चार ग्रेड खाली आले. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारला ते मागे घ्यावं लागलं. ज्या मुलीने पेपरच लिहिला नाही तिच्या शाळेचा इतिहास तिच्या नावावर चढवला होता.

परत आपल्या वर्गात येऊ. आपल्याकडे मुलं २५ सांगितलं की ५२ लिहितात, हे इथल्या प्रत्येक पहिली-दुसरीच्या बाईंना माहीत आहे. का लिहितात? कारण आपण म्हणतो पंच-वीस, पाच आधी कानावर येतात, आणि लिहायचे मात्र वीस आधी. मूल जे ऐकतं ते त्याच क्रमाने लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतोय ना, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी कारणं नीट समजावून सांगितली होती, तरी लोकांनी थट्टाच जास्त केली. तुम्हाला ती पद्धत पटो न पटो, पण त्यामागे मुलांच्या चुकीकडे बघणारी नजर होती. बाहेरच्या देशात बनलेल्या ॲपला ही चूक कळणारच नाही, इंग्रजीत ट्वेंटी फाइव्ह म्हणताना वीस आधीच येतात. आपल्या मुलांच्या चुका आपल्या भाषेतून येतात, त्यामुळे त्या आपल्यालाच गोळा कराव्या लागणार आहेत.

वाचन ऐकून मार्क देणारी ॲप आता आलीत. मूल फोनसमोर मोठ्याने वाचतं, फोन चूक-बरोबर सांगतो. मला ती आवडतात, मूल चाळीस जणांसमोर लाजतं पण फोनसमोर वाचतं. पण एका ॲपवर मी स्वतः बघितलं की मुलगा 'पानी' म्हणाला की शब्द लाल. वाचताना कुठे अडखळला नाही, अर्थ विचारला तर बरोबर सांगितला, त्याच्या घरी 'पानी'च म्हणतात. तो लाल शब्द बघून त्याचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. ण आणि न ही उच्चाराची बाब वेगळी आणि अक्षर न ओळखणं वेगळं, या दोन्हीला एकच लाल रंग देणं हा अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणते. अशा वेळी शिक्षकाला तो शब्द परत हिरवा करता यायला हवा, आणि तसं बटण त्या ॲपमध्ये नव्हतं.

आता कंपनीवाल्यांकडे वळते, तुम्ही केव्हापासून माना डोलावताय. शाळेतून बाहेर पडल्यावर मी चाकण भागात ऑपरेटर मुलांच्या ट्रेनिंगचं काम करायला लागले. पहिल्याच आठवड्यात मला एलएमएस, म्हणजे ट्रेनिंगचे धडे आणि मार्क ठेवणारं सॉफ्टवेअर, दाखवलं, सगळ्यांचे नव्वदच्या वर मार्क, सगळीकडे हिरवं. मोजमापाच्या मॉड्यूलमध्ये प्रश्न होता की व्हर्नियर कॅलिपरवरच्या सरकत्या पट्टीचा शोध कोणी लावला. पिएर व्हर्नियर, १६३१. सगळ्या पोरांना पाठ. मग मी लाइनवर गेले, एक कॅलिपर आणि एक पिन घेतली आणि एकेकाला म्हटलं वाच.

तुमच्यातल्या शिक्षकांसाठी सांगते, मुख्य पट्टीवर १२ मिलिमीटर दिसले, खालच्या सरकत्या पट्टीवरची सातवी रेघ वरच्या रेघेशी जुळली, आणि त्या कॅलिपरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ आहे, तर सात गुणिले ०.०२ म्हणजे ०.१४, वाचन १२.१४. पोरं काय म्हणाली? बरीच म्हणाली १२.७. काही म्हणाली १२.०७. एक जण म्हणाला १२.३५. हे तिन्ही आकडे बघितल्यावर मला एकदम तो ५२ वजा ३८ चा तास आठवला. १२.७ वाला सातवी रेघ दशांश चिन्हापुढे तशीच्या तशी चिकटवतो, १२.०७ वाला रेघेला शंभराव्या भागाची समजतो म्हणजे लीस्ट काउंटने गुणतच नाही, आणि १२.३५ वाल्याची रीत पूर्ण बरोबर आहे, तो फक्त आधीच्या कंपनीत ०.०५ चं कॅलिपर वापरून आलाय. त्याला मी दहा सेकंदांत सुधारला, कॅलिपरवर लिहिलेला आकडा बघ म्हटलं, झालं. पण तो जर नुसता 'नापास' निघाला असता तर त्याला पूर्ण दोन दिवसांचं ट्रेनिंग परत बसायला लावलं असतं.

मग आम्ही एवढंच केलं की शोध कोणी लावला हा प्रश्न काढून कॅलिपरचा फोटो टाकला आणि चार पर्याय दिले, १२.१४, १२.७, १२.०७, १२.३५. प्रत्येक चुकीचा पर्याय म्हणजे लाइनवर खरंच ऐकलेली एक चूक. नव्वदच्या वरचा तो हिरवा रंग एका दिवसात उतरला आणि मॅनेजर साहेब काळजीत पडले, ते साहजिक होतं. पण सुपरवायझरला पहिल्यांदाच अशी यादी मिळाली की या सात जणांना हे सांग आणि या तिघांना ते. भिंतीवर जे स्किल मॅट्रिक्स लावतो ना आपण, नावापुढे गोल आणि त्याचे चार भाग रंगवायचे, तिथे एक भाग कमी का रंगलाय याचं कारण त्याच्या हातात आलं.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, लोकांना आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का, आणि त्याने कामाच्या निकालात फरक पडला का. आपली बहुतेक सॉफ्टवेअर पहिल्या दोन पायऱ्यांवर बसून आहेत, आणि व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की 'पूर्ण' असं लिहून देतात. पॉशचं, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं, ट्रेनिंग आवाज बंद करून दुसऱ्या खिडकीत चालू ठेवलेलं मी चांगल्या चांगल्या ऑफिसात पाहिलंय. त्या कायद्याचा विषय बायकांच्या सुरक्षिततेचा आहे, तिथे 'पूर्ण' या शब्दाची मला भीती वाटते.

मगाशी चहाच्या वेळी एक सर म्हणाले, मॅडम हे सगळं करायला वेळ कुठाय, फोटो अपलोड करा, माहिती भरा, लिंक भरा, त्यातच दिवस जातो. सर, तुमचं खरं आहे आणि मी ते भोगलंय. म्हणून मी नवीन काही भरायला सांगत नाही. आठवड्यातून एक प्रश्न, फक्त एकच, त्याचे चार पर्याय मागच्या आठवड्याच्या वह्यांमधल्या चुकांवरून बनवा. मुलांकडे फोन नकोत, प्लिकर्स म्हणून एक ॲप आहे, त्याची कागदी कार्डं छापून मिळतात, मूल कार्ड ज्या बाजूने वर धरेल ते त्याचं उत्तर, आणि तुम्ही तुमचा एकच फोन वर्गावरून फिरवायचा. सगळ्या वर्गाची उत्तरं मिनिटा-दोन मिनिटांत येतात. मार्क लिहूच नका. २६ वाले कोण, २४ वाले कोण एवढं बघा आणि तीन घोळके करून बसवा.

याचा आणखी एक फायदा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे तो आठवड्याचा एक प्रश्न शिकवण्यातून वेळ काढून घेत नाही, तो शिकवण्यातच मोजला जातो.

एआयचं विचाराल म्हणून सांगते. मी साठेक लेखी उत्तरं, नावं काढून, त्याला दिली आणि म्हटलं सारख्या चुका एकत्र लाव. गठ्ठे त्याने बरे लावले, माझे दोन तास वाचले. पण प्रत्येक गठ्ठ्याला त्याने कारणही लिहून दिलं आणि त्यातली काही कारणं साफ चूक होती, अगदी आत्मविश्वासाने लिहिलेली. त्यामुळे गठ्ठे त्याच्याकडून घ्या, कारण मात्र मुलालाच विचारा, 'हे कसं केलंस मला सांग' असं, बाजूला बसून.

त्या २६ वालीला मी तसं विचारलं, पण वर्ष संपत आल्यावर. ती म्हणाली, बाई, तुम्हीच सांगितलं होतं की मोठ्यातून लहान वजा करायचा. मी खरंच सांगितलं होतं, दुसरीत, एक अंकी वजाबाकी शिकवताना.

कार्डांचे गठ्ठे मागच्या टेबलावर ठेवलेत. जेवणानंतर आपण इथेच ५२ वजा ३८ घेऊ, तुम्ही मुलं व्हा, मी फोन फिरवते.