उलटा 'भारत', बाराशे रुपये

(दृश्य: काळ्या कापडावर पाच रुपयांचं पिवळं नाणं. वरून भिंग खाली येतं.)

हे नाणं मी विकत घेतलं, बाराशे रुपयांना. पाचाच्या आकड्यावर आरशात दिसावा तसा उलटा 'भारत' उमटलाय. विकणारा म्हणाला, "लखी आहे. तिजोरीत ठेवा, लक्ष्मी हलणार नाही." लखी म्हणजे टांकसाळीच्या चुकीनं उलटं चित्र उमटलेलं नाणं. लक्ष्मी त्याच संध्याकाळी हलली, त्याच्या खिशात गेली.

(दृश्य: राजेंद्रनगर, इंदूर. सकाळ. पोह्यांच्या गाडीवर वाफ, शेजारी स्टीलचा गल्ला.)

"लो भिया, पचास की चिल्लर."

हे काका रोज पन्नासची नोट देऊन इथून पन्नासची चिल्लर नेतात. पोहेवाल्यालाही बरं, गल्ला हलका होतो. घरी आले की वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर नाणी ओतायची, आणि टांकसाळीत चुकलेलं एखादं सापडतं का, ते एकेक करून बघायचं. बहुतेक दिवस काही निघत नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नासची नोट.

टांकसाळीची चूक आणि माणसाची करामत वेगळी काढायला काकांचा एकच प्रश्न असतो: "हे यंत्रात कसं झालं, ते सांग." सांगता आलं नाही, तर नाणं बाजूला.

(दृश्य: काकूंचा ओटा. पोळपाट, लाटणं, वाटी.)

टांकसाळीत आम्हाला कॅमेरा नेता आला नाही. म्हणून तो काकूंच्या ओट्यावर लावला.

ही लाटलेली मोठी पोळी म्हणजे धातूची पट्टी. ही वाटी म्हणजे चकत्या कापणारा पंच. दर घावाला पट्टी ठरलेल्या मापानं पुढे सरकते. एखाद्या वेळी ती पुरेशी सरकत नाही, आणि पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो. बघा, काकूंनी आता वाटी तशीच ठेवली. पुरी निघाली ती एका कडेला घास घेतलेली. त्या घासाची कड आत वळलेली आहे आणि तिची गोलाई वाटीच्याच मापाची आहे. कारण तो घास आधीच्या पुरीनंच घेतलाय.

खरी गंमत पुढे आहे. कापलेली चकती कोरी असते, तिला काठ नसतो. तो उचलण्यासाठी चकती दोन बाजूंनी दाबत फिरवतात. फिरता फिरता घास घेतलेली बाजू दाबाखाली आली, की तिथे दाबायला धातूच नसतो. मग बरोबर समोरच्या कडेलाही दाब ढिला पडतो. म्हणून अशा खऱ्या नाण्यात घासाच्या समोरचा काठ बहुतेक वेळा पुसट असतो. शिवाय ठसा पडताना धातू रिकाम्या जागेकडे सरकतो, तेव्हा घासाजवळची अक्षरं तिकडे ओढल्यासारखी दिसतात.

(दृश्य: दोन नाणी शेजारी शेजारी. एकाचा समोरचा काठ विरलेला, दुसऱ्याचा खणखणीत.)

डावीकडचं टांकसाळीतून आलंय. उजवीकडचं कुणीतरी छाटून वर कानस फिरवलीय. घास हुबेहूब जमला, पण समोरचा काठ गडी विसरला.

(पुऱ्या नंतर तळल्या गेल्या. घास घेतलेली माझ्या पानात आली.)

(दृश्य: पुन्हा बाराशेचं नाणं. काकांच्या हातात सुई, टोक पाचाच्या आकड्यावर.)

आता लखी. ठसे दोन असतात, एक वर, एक खाली. मधे कोरी चकती, भोवती तिला धरून ठेवणारं कडं, म्हणजे कॉलर. दाब पडतो, दोन्ही बाजू एकाच वेळी उमटतात, नाणं बाहेर फेकलं जातं. कधीतरी ते बाहेर न पडता एका ठशालाच चिकटून बसतं. पुढची कोरी चकती आत येते. तिच्या एका बाजूला खरा ठसा आणि दुसऱ्या बाजूला हे चिकटलेलं नाणं. परिणाम असा, की एका अंगावर सिंह सरळ आणि उठावाचा, तर दुसऱ्या अंगावर तेच सिंह उलटे आणि खोल गेलेले. दोन्हीकडे एकच चित्र. आकड्याचा ठसा त्या चकतीला शिवलेलाच नसतो.

"मग तुझ्या नाण्यावर हा पाच कुठून आला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाच आहे, पण चेपलेला. म्हणजे नाणं आधी नीट पाडलं गेलं आणि उलटा 'भारत' नंतर वरून बसला. काकांनी त्या खोलगट ठशावर एक रुपयाचं नाणं ठेवलं. गोल बरोबर बसला. २०११ पासूनच्या मालिकेतला रुपया २२ मिलिमीटरचा आणि पोलादाचा, पाचाचं नाणं २३ मिलिमीटरचं आणि निकेल-पितळेचं. दोन्ही एकावर एक ठेवून व्हाइसच्या लोखंडी जबड्यांत आवळली, की पोलाद पितळेत रुततं. मागची बाजू पाहिली, तर तिथले सिंहही सपाट झालेले, कारण त्या बाजूनं व्हाइसचा जबडा होता.

(दृश्य: छोटा सोनारकाटा. आकडा स्थिरावतो: ६.००.)

काट्यानं हे पकडलं नसतं. पाचाचं वजन ६ ग्रॅम, आणि आवळल्यानं वजन जात नाही. काटा दुसऱ्या जातीच्या नाण्यांना उपयोगी पडतो. हे पाहा, 'पातळ चकतीवर पाडलेलं' म्हणून विकलं गेलेलं पाचाचं नाणं, ६ ऐवजी पाच ग्रॅमच्याही खाली. यंत्रातली पातळ चकती असती तर अक्षरं फिकी असती, पण पृष्ठभाग नेहमीचा असता. इथे अक्षरंही झिजलीत, काठही झिजलाय, सगळीकडून सारखाच, वर तांबूस झाक. हे आम्लात बुडवलंय. पितळेतलं जस्त आधी सुटतं, तांबं मागे राहतं.

आणि हा पांढरा पाच रुपया. म्हणे रुपयाच्या पोलादी चकतीवर चुकून पाडलेला. चुंबक लावा. अलीकडचे एक आणि दोन रुपये चुंबकाला लगेच चिकटतात. हा हललाही नाही. आत पितळच आहे, वरून मुलामा.

(दृश्य: भिंगातून एक बारीक रेघ, सिंहांच्या डोक्यापासून काठापर्यंत.)

काकांना सगळ्यात आवडतं ते हे, आणि याला बाजारात फारसं कुणी विचारत नाही. ठशाला तडा गेला, की धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उठून येते. ओरखडा खोल जातो, तडा वर येतो. नखानंही कळतं.

(दृश्य: चार रुपये एका ओळीत. भिंग फक्त सालाखाली.)

हिरा म्हणजे मुंबई. चांदणी म्हणजे हैदराबाद. ठिपका म्हणजे नोएडा. चौथ्यावर काहीच नाही. 'खूण पडायची राहिली, दुर्मीळ' म्हणून अशी नाणी विकणारे भेटतात. कोलकाता टांकसाळ खूण घालतच नाही. चूक कसली?

(दृश्य: राजेंद्रनगर स्टेशन, रूळ.)

लहानपणी महूच्या गाडीखाली आम्हीही नाणी ठेवायचो. मीटर गेजची गाडी गेली, की चपटी, लांबट पत्री शोधत रुळाच्या कडेनं पळायचं. तसली पत्री आज 'एरर', म्हणजे टांकसाळीची चूक, म्हणून विकतात असं ऐकलं, तेव्हा मला आधी हसू आलं.

(दृश्य: सराफा, संध्याकाळ. दागिन्यांच्या दुकानांची शटर खाली, खाण्याच्या गाड्या लागताहेत. मग काकांच्या तळहातावर चांदीचा रुपया.)

हा होळकरांचा, इंदूरच्याच मल्हारनगर टांकसाळीचा. नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, चेहरा सूर्याचा. अर्धा सूर्य नाण्याबाहेर गेलाय, आणि ती चूक नाही. ठसा चांदीच्या गोळ्यापेक्षा मोठा, हातोडा माणसाच्या हातात. जेवढं मावलं तेवढं उमटलं. ऑफ-सेंटर, म्हणजे ठसा मध्यावरून सरकलेला, म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला काका चहा पाजतात आणि वाटेला लावतात.

नाणे कायदा, २०११ प्रमाणे नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचं नाव वापरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं.

(दृश्य: काकांचं कपाट. एक काडेपेटी, शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा.)

काडेपेटीत यंत्राच्या चुका. डब्यात ठोकलेली, कापलेली, भाजलेली नाणी, लोकांनी आणून दिलेली. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ते केवढ्याला घेतलं त्याचा आकडा. काही आकडे वाचताना काका भिंग बाजूला ठेवतात.

(दृश्य: पेन, कोरी चिठ्ठी.)

"किती म्हणालास?"

"बाराशे."

काकांनी आकडा लिहिला, नाणं चिठ्ठीत गुंडाळलं आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.