ऑक्सिजन सोडायचा कधी?

(इंदूरमधल्या मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, कोविडच्या दिवसांत राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. ९८ दिसलं की हायसं वाटायचं, ९४ च्या खाली गेलं की धावाधाव. ‘चारच आकडे उतरले ना, मग एवढी घाई कसली?’ असं पुष्कळ जण विचारायचे. प्रश्न रास्त होता.

फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब साधारण १०० मिलिमीटर पारा असतो. तेव्हा हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, जवळपास ९८ टक्के भरलेलं असतं. तो दाब ६० वर घसरला तरी यंत्र ९० दाखवतं! तिथून खाली मात्र उतार तीव्र होतो. ४० ला ७५ टक्के, २० ला जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे आकडा हलायला लागतो तोवर दाब बराच पडलेला असतो.

पण हा उतार म्हणजे हिमोग्लोबिनचं वैगुण्य नव्हे, तीच त्याची करामत: दाब कमी असेल तिथे ते ऑक्सिजन सोडून देतं. स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचं त्याचं भावंड असतं. ते ४० मिलिमीटरलाही नव्वद टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन धरून बसतं. साठवायला उत्तम, वाटायला कुचकामी. रक्तात तेच भरलेलं असतं, तर फुप्फुसातून निघालेला बहुतेक ऑक्सिजन पायापर्यंत हिंडून तसाच परत आला असता.

मायोग्लोबिन एकटं, हिमोग्लोबिन चौघांचं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे मणी; अशा १४१ मण्यांच्या दोन अल्फा साखळ्या, १४६ च्या दोन बीटा. प्रत्येकीच्या खोबणीत हीम नावाची एक चपटी चकती आणि तिच्या मधोमध लोहाचा एक अणू. ऑक्सिजन नसताना हा अणू हीमच्या पातळीतून सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम बाहेर असतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. ऑक्सिजन जोडला गेला की अणू आत सरकतो, त्याला बांधलेलं साखळीतलं हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल ओढलं जातं, त्यापाठोपाठ साखळी, आणि चौघींची एकमेकींवरची बैठकच बदलते. पंगतीत पहिला पाहुणा पाटावर बसेपर्यंतच काय तो संकोच, मग बाकीचे भराभर बसतात. उठतानाही तसंच.

प्रागचा शास्त्रज्ञ फेलिक्स हौरोविट्झ यानं १९३८ च्या सुमारास हे डोळ्यांनी पाहिलं. फ्रिजमध्ये ठेवलेले हिमोग्लोबिनचे लालभडक, सुईसारखे स्फटिक काही आठवड्यांनी जांभळ्या षटकोनी चकत्या झाले होते, कारण जंतूंनी त्यातला ऑक्सिजन संपवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या कडेनं हवा शिरली, तशा चकत्या विरघळल्या आणि पुन्हा लाल सुया उगवल्या. स्फटिकच मोडतो म्हणजे आतला रेणू आकार बदलतो, हे उघड होतं. मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञानं केंब्रिजमध्ये १९३७ साली या रेणूचा पिच्छा धरला. ढोबळ रचना प्रसिद्ध झाली १९६० साली. तेवीस वर्षं! आजच्या अनुदान समितीपुढे असा प्रस्ताव ठेवून बघा. १९६२ साली त्याला मायोग्लोबिनवाल्या जॉन केंड्र्यूबरोबर नोबेल मिळालं.

आता आपल्या भागाकडे येतो. झाबुआ, अलीराजपूरकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत, आणि उपचारासाठी त्यातले कितीतरी इंदूरलाच येतात. त्यांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं. १४६ पैकी एक. व्हॅलिन पाण्याला टाळतं, शेजारच्या रेणूत लपायला जागा शोधतं. पण ती जागा उघडते ऑक्सिजन सुटल्यावरच. म्हणजे हिमोग्लोबिन आपलं खरं काम करतं, नेमकं तेव्हाच रेणूला रेणू चिकटून दोऱ्या तयार होतात, लाल पेशी कोयत्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्या कळा ज्यानं पाहिल्या त्यालाच ठाऊक.

ही मुलं जन्मतः मात्र ठणठणीत दिसतात. गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि ते या दोऱ्यांमध्ये सामील होत नाही. काही महिन्यांत त्याची जागा बीटावालं घेतं, मग दुखणं सुरू होतं. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी डॉक्टर देतात, ती हेच गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवण्यासाठी.