इस्रायल आळीतला हलवा

श्रोतेहो, नमस्कार.

गेली काही वर्षं मी अलिबागला पाहुण्यांना पायी हिंडवते. एका वेळी आठच माणसं घेते, कारण आम्ही ज्या ओटीवर बसून खातो तिथं तेवढीच मावतात. सकाळी सातला एस.टी. स्टँडवर भेटायचं, ऊन चढायच्या आत इस्रायल आळी, म्हणजे बेने इस्रायली ज्यू लोकांची वस्ती, पाहायची, मग रेवदंड्याची गाडी धरायची आणि खाडीपलीकडे कोर्लईला जायचं. दोन तासांत बारा पदार्थ चाखवणाऱ्या सहली मला पटत नाहीत. त्यात तोंड चालतं, पण ज्यांच्या चुलीवर ते शिजलं त्या माणसांशी दोन शब्दही होत नाहीत.

अलिबागजवळ समुद्राला लागून नवगाव आहे. बेने इस्रायली घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं तारू इथं फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जिथं पुरलं तिथं आज स्मारक आहे. वाचलेले गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली' ठरले. गावावरून आडनावं पडली: किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, रोहेकर. भाषा मराठी झाली. स्वयंपाकघरातला एक नियम मात्र सुटला नाही: मांसाबरोबर दूध-दुभतं चालायचं नाही.

आता विचार करा, रश्शाला दाटपणा आणायला दही नाही, जेवणानंतर खीर-बासुंदी नाही. दुसऱ्या कुठल्या मुलखात हे अवघड गेलं असतं. इथं परसात माड उभे होते. नारळाचं दूध मटणाच्या रश्शात गेलं, गोडातही गेलं, आणि धर्म जसाच्या तसा राहिला. मला या आळीत सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

याचा पुरावा म्हणजे चिकाचा हलवा. कुरडयांसाठी काढतो तोच गव्हाचा चीक. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटून गाळायचे आणि खाली बसलेला पांढराशुभ्र चीक घ्यायचा. त्यात नारळाचं दाट दूध, साखर, थोडा गुलाबी रंग. मग ढवळणं. हात थांबला की तळाला लागलंच. आमच्या वाटेवरच्या आजी सांगतात, की नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, घरातल्या बायका पाळीपाळीनं पळी हातात घ्यायच्या. कडेनं सुटू लागला की ताटात ओतायचा, वर बदाम-पिस्ते, आणि गार झाल्यावर वड्या. पाहुण्यांना मी आधी काही सांगत नाही. पहिली वडी खाऊन बहुतेकजण विचारतात, दूध कुठलं वापरलंत?

सणांची नावं ऐका. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवसाला इथं नाव आहे 'बिरड्याचा सण'. दोन हजार वर्षांपूर्वीचं दुःख आणि आपल्या रायगडच्या मोड आलेल्या, सोललेल्या वालाचं बिरडं! नवस फिटला की मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि बाजूला फळं. तो एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं असतो.

आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बाहेरून शांतपणे पाहायचं. आत जायचं तर आधी विचारून, डोकं झाकून. 1948 नंतर इथली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, त्याआधीपासूनच मुंबईला जाणं चालू होतं. आता मोजकीच घरं उरली आहेत. म्हणून माझा आग्रह असतो, की जिच्या हातचं खाल्लं तिला तिथंच पैसे द्यावेत आणि कृती तिच्याच तोंडून लिहून घ्यावी.

रेवदंड्याला पोर्तुगीज कोटाच्या भिंतीतून चालायचं. 1740 साली हा कोट आणि समोरचा कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे आला, पण कोर्लईतले ख्रिस्ती लोक घरात अजूनही पोर्तुगीजातून घडलेली आपली बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग', आमची भाषा, म्हणतात. मासळी सुकत घातलेल्या वाळूवरून चालताना ती कानावर येते. तिथं जेवायला बसलो की मी पाहुण्यांना मिरचीबद्दल सांगते. तीसुद्धा पोर्तुगीजांच्या जहाजांतूनच आली, काजू आले, पाव तर नावासकट आला. बांगड्याचं तिखलं त्याआधी मिरीवर भागवत असणार. हे ऐकून लोक ताटाकडे नव्यानं बघतात, आणि मग पुन्हा जेवायला लागतात.

यायचं असेल तर पावसाळा सोडून या, पायांत साधी चप्पल घाला आणि शनिवार टाळा, त्या दिवशी आजींच्या घरी चूल पेटत नाही. हलवा हवा असेल तर चार दिवस आधी कळवा. गहू भिजायला टाकावे लागतात.