राजवाड्याचं हजेरीपुस्तक

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटनच्या राजवाड्यातून रोज एक पत्रक निघतं. त्याला कोर्ट सर्क्युलर म्हणतात. आज राजांनी कुठल्या राजदूताला भेटीची वेळ दिली, राजकन्या कुठल्या गावच्या रुग्णालयात गेल्या, कुणाच्या अंत्यविधीला राजांच्या वतीनं कोण हजर राहिलं, असा त्यातला मजकूर असतो. अगदी कोरडा, विशेषणं जवळजवळ नाहीतच. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिसऱ्या जॉर्जनं पाडली. वर्तमानपत्रं राजाच्या हालचालींविषयी वाटेल ते छापत होती, म्हणून राजानं स्वतःच खरी बातमी द्यायला सुरुवात केली.

आता लोक या पत्रकावरून राजघराण्याची हजेरी घेतात. विमा व्यवसायातून निवृत्त झालेले विंडसरजवळचे एक गृहस्थ होते. कित्येक वर्षं ते ही कात्रणं जमवत, बेरजा करत आणि वर्षअखेरीला टाइम्सला पत्र लिहून कळवत की कुणाचे किती कार्यक्रम झाले. पत्र आलं की बाकीची वर्तमानपत्रं त्यावर तुटून पडत. कुणाला 'सर्वांत कष्टाळू' म्हणायचं आणि कुणाला 'कामचुकार', हे त्या बेरजेवर ठरे.

बेरजा थक्क करणाऱ्या असतात, यात शंका नाही. राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप 2017 साली ऑगस्टमध्ये निवृत्त झाले, तेव्हा ते 96 वर्षांचे होते. 1952 पासून एकट्यानं केलेले त्यांचे कार्यक्रम भरले 22,219 आणि भाषणं 5,496. शेवटचा कार्यक्रम होता भर पावसात, रॉयल मरीन्सच्या संचलनाची सलामी घेण्याचा. राजकन्या अ‍ॅन तर 1970 पासून, म्हणजे वयाच्या विशीपासून, सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेचं काम करत आल्या आहेत, आणि तीनशेहून अधिक संस्थांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. 2024 च्या जूनमध्ये घोड्यामुळे डोक्याला मार लागून त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. तीन आठवड्यांच्या आत त्या पुन्हा कार्यक्रमाला हजर. ब्रिटिश जनतेला ही विल्यम-हॅरीची आत्या फार आवडते. कमी बोलते, जुनेच कपडे पुन्हा वापरते आणि कामाला जाते.

पण या हिशेबात काय धरलं जातं ते पाहा. राजदूताबरोबरची छोटीशी भेट म्हणजे एक कार्यक्रम. आणि एखादी संस्था उभी करायला सहा महिने खर्ची पडले, तर त्याची नोंद कुठे करायची? सरकारी कागदपत्रांच्या लाल पेट्या राजाकडे जवळजवळ रोज येतात. त्या वाचण्यात जाणाऱ्या वेळाचा हिशेब या यादीत येत नाही. विल्यम 2015 ते 2017 या काळात हवाई रुग्णवाहिकेचे वैमानिक होते. अपघातग्रस्तांना उचलून आणत होते, रात्रपाळ्या करत होते. कार्यक्रमांच्या यादीत या पाळ्यांना जागा नव्हती, आणि टॅब्लॉइड वर्तमानपत्रं त्यांना कामचुकार म्हणत होती. 2017 च्या मार्चमध्ये राष्ट्रकुल दिनाच्या प्रार्थनेला न जाता ते स्वित्झर्लंडमध्ये बर्फावर स्कीइंग करत होते. त्यावरून जो गहजब झाला, त्यात रुग्णवाहिकेची दोन वर्षं सगळे विसरले. टीका साफ चुकीची होती असं मला वाटत नाही. त्या दिवशी त्यांचे वयस्कर आजी-आजोबा प्रार्थनेला हजर होते.

लोक मोजतात, कारण पैसा लोकांचा आहे. राजघराण्याच्या कामासाठी सरकार जे अनुदान देतं, ते 2025-26 साठी 13 कोटी 21 लाख पौंड आहे. आधीची काही वर्षं ते 8 कोटी 63 लाख होतं. वाढीमागे बकिंगहॅम राजवाड्याची दुरुस्ती आहे, आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांतून क्राउन इस्टेटला, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्तेला, झालेला नफाही आहे; अनुदान त्या नफ्याच्या प्रमाणात ठरतं. सुरक्षेचा खर्च या रकमेत धरलेला नाही. 2023 साली राज्याभिषेकाच्या तोंडावर बीबीसीसाठी झालेल्या एका चाचणीत 58 टक्के लोकांनी राजेशाहीच्या बाजूनं मत दिलं, 26 टक्क्यांनी निवडून आलेल्या राष्ट्रप्रमुखाच्या बाजूनं. 18 ते 24 वयाच्या तरुणांत राजेशाही हवी म्हणणारे 32 टक्केच निघाले आणि नको म्हणणारे 38. म्हणजे ज्यांच्या करावर पुढची पन्नास वर्षं हा खर्च चालायचा, त्यांच्यातच राजेशाहीला पाठिंबा कमी आहे.

इथपर्यंत हा मालक आणि नोकर यांच्यातला हिशेब झाला. खरा गुंता पुढेच आहे. हे नोकर एकमेकांचे आईबाप, भाऊबहिणी, दीर-जावा आहेत. त्यांची भरती जन्मानं किंवा लग्नानं होते आणि राजीनाम्याची सोय नाही.

रेडिओवरूनच बोलतो आहे, तर रेडिओवरच्याच दोन भाषणांची आठवण करून देतो. पहिलं 11 डिसेंबर 1936 चं. आठव्या एडवर्डनं गादी सोडली आणि विंडसरहून देशाला सांगितलं की ज्या स्त्रीवर माझं प्रेम आहे तिच्या आधाराशिवाय हे ओझं मला पेलणार नाही. हा एडवर्ड आपल्याकडे येऊन गेलेला. 17 नोव्हेंबर 1921 ला प्रिन्स ऑफ वेल्स म्हणून तो मुंबईत उतरला, तेव्हा शहरात बहिष्कार, परदेशी कापडाची होळी आणि मागोमाग दंगल. दोन दिवसांनी पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हातून बसली. त्यामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा पुढाकार होता. मुंबईत रक्त सांडलेलं आणि पुण्यात समारंभ. कोर्ट सर्क्युलरच्या हिशेबात कोनशिलेचा कार्यक्रम भरतो एक.

दुसरं भाषण 21 एप्रिल 1947 चं, केप टाऊनहून. काकानं गादी सोडली तेव्हा दहा वर्षांची असलेली पुतणी आता एकवीस वर्षांची झाली होती. आयुष्य लांबो की आखूड असो, ते तुमच्या सेवेत घालवीन, असं तिनं सांगितलं. 6 सप्टेंबर 2022 ला याच एलिझाबेथ राणींनी बाल्मोरलला नव्या पंतप्रधानांची नेमणूक केली. छायाचित्रात हातावरचा काळानिळा डाग स्पष्ट दिसत होता. दोन दिवसांनी त्या गेल्या.

या दोन भाषणांनी ब्रिटिश लोकांच्या मनात एक मोजपट्टी कायमची बसवली. एकीकडे काका, ज्यानं स्वतःचं सुख पाहिलं. दुसरीकडे पुतणी, जिनं पाहिलं नाही. पुढे जो कुणी आला, त्याला या दोघांपैकी एकाच्या शेजारी उभं करण्यात आलं. एडवर्डच्या बायकोला घराण्यानं 'हर रॉयल हायनेस' हा किताब कधीच दिला नाही, आणि त्यावर फारसं कुणाला वाईटही वाटलं नाही.

2020 च्या जानेवारीत हॅरी आणि मेगन यांनी जाहीर केलं की आम्ही राजघराण्याचं थोडं काम करू, थोडं स्वतः कमावू. सँड्रिंगहॅमला कुटुंबाची बैठक बसली. राणींनी सांगितलं, एक पाय आत आणि एक पाय बाहेर असं चालणार नाही. त्याच निवेदनात त्यांनी हेही म्हटलं की हॅरी, मेगन आणि पणतू आर्ची कुटुंबाचे नेहमीच लाडके राहतील. आजी म्हणून एक वाक्य, राणी म्हणून दुसरं. पुढच्या वर्षी सैन्यातली मानद पदं परत घेतली गेली, तेव्हा हॅरी-मेगन यांनी उलट कळवलं की सेवा कुणालाही करता येते. हा माणूस दोनदा अफगाणिस्तानात लढून आलेला, जखमी सैनिकांसाठी त्यानं इन्व्हिक्टस क्रीडास्पर्धा सुरू केलेली. तरी त्याची टीव्हीवरची मुलाखत आणि आत्मचरित्राचं पुस्तक आल्यावर लोकांनी, विशेषतः वयस्कर लोकांनी, त्याच्यावर शिक्का मारला: घरभेदी. पुस्तकात घरातलं जेवढं बाहेर काढलं ते मलाही जास्त वाटलं. पण बाकीचे राजवाड्यातले लोक वर्षानुवर्षं पत्रकारांच्या कानात कुजबुजतच होते. त्यांनी नावानिशी लिहिलं नाही एवढंच. जावाजावांची भांडणं रंगवण्यात ब्रिटिश टॅब्लॉइड आपल्या दुपारच्या मालिकांना हार जाणार नाहीत.

तेव्हा निष्ठा म्हणजे तोंड बंद ठेवणं, असाच याचा अर्थ लागतो. पण मग राणींच्या दुसऱ्या मुलाचं, अँड्र्यू यांचं, काय करायचं? त्यांनी घराविरुद्ध पुस्तक लिहिलं नाही. आईजवळच राहिले. 29 मार्च 2022 ला वडिलांच्या स्मरणार्थ झालेल्या प्रार्थनेत राणींना हाताला धरून जागेवर नेणारे अँड्र्यूच होते. नेमके त्याआधी काही आठवडे अमेरिकेतला लैंगिक अत्याचाराचा दिवाणी दावा त्यांनी पैसे देऊन मिटवला होता. आरोप त्यांनी कायम नाकारले आहेत. ते दृश्य पाहून लोक खवळले. नव्वदी पार केलेल्या विधवा आईनं मुलाचा हात धरला, यात एरवी कुणाला काय खटकलं असतं? 2025 च्या ऑक्टोबरमध्ये राजे चार्ल्स यांनी या भावाचे उरलेसुरले किताब काढून घेण्याची कारवाई सुरू केली आणि घर सोडायला लावलं. लोक म्हणाले, बरं झालं, पण उशीर झाला.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की लोकमताचा सूर ऐकू येतो. माणसानं घराण्याशी निष्ठावंत राहावं. घराण्यानं मात्र माणसाशी राहू नये. पैसा देणाऱ्याच्या बाजूनं हे बरोबरच आहे, आणि मी तिथला करदाता असतो तर अँड्र्यू यांच्या बाबतीत मीही हेच म्हटलं असतं. पण मग त्याला कुटुंब कशाला म्हणायचं?

2024 च्या वसंतात या हजेरी घेण्याचा विद्रूप चेहरा दिसला. जानेवारीत विल्यम यांच्या पत्नी केट यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या दिसेनाशा झाल्या. किती दिवस दिसल्या नाहीत, हे जगभर मोजलं गेलं. मातृदिनाच्या छायाचित्रात फेरफार सापडला तेव्हा तर अफवांना ऊत आला. 22 मार्चला त्यांनी बाकावर बसून सांगितलं की मला कर्करोग आहे आणि मुलांना ते समजावून सांगायला वेळ हवा होता. राजे चार्ल्सही त्याच आजारानं घरी. त्या काळात राणी कॅमिला, अ‍ॅन, चार्ल्स यांचे धाकटे भाऊ एडवर्ड आणि त्यांच्या पत्नी सोफी यांनी सगळं ओढून नेलं.

चार्ल्स यांच्या वाट्याला हे कर्तव्याचं गणित कॅमिला यांच्याशी झालेल्या लग्नाच्या वेळीही आलं होतं. 8 एप्रिल 2005 चा मुहूर्त पोपच्या अंत्यविधीसाठी एक दिवस पुढे ढकलावा लागला. ते लग्न आपल्याकडे लक्षात आहे ते मुंबईच्या डबेवाल्यांमुळे. 2003 साली चर्चगेटला त्यांची भेट झाली, ती डबेवाल्यांच्या कामाच्या वेळेत बसवून, आणि लग्नाला दोघा डबेवाल्यांना विंडसरचं आमंत्रण गेलं.

काम करणारे हात कमी पडताहेत, हे सरकारनंही ओळखलं आहे. राजा आजारी असला किंवा परदेशी असला, तर त्याच्या जागी सही करायला 'कौन्सिलर्स ऑफ स्टेट' असतात. कायद्यानं ते ठरतात वारसाहक्काच्या क्रमावरून. चार्ल्स गादीवर आले तेव्हा त्या यादीत पत्नी आणि मोठा मुलगा यांच्यासोबत हॅरी आणि अँड्र्यू यांचीही नावं होती. एक अमेरिकेत, दुसरा लोकांच्या मनातून उतरलेला. डिसेंबर 2022 मध्ये संसदेनं कायदा बदलला. कुणाचंही नाव कापलं नाही. अ‍ॅन आणि एडवर्ड यांची नावं वाढवली आणि प्रत्यक्षात कामावर असणाऱ्यांनाच बोलावू असं सांगून विषय मिटवला. भावकीतला वाद इतक्या शांतपणे बाजूला सारलेला आपल्या वाड्यांतही क्वचितच पाहायला मिळेल.

राजघराणं आटोपशीर करायचं, अशी चर्चा बरीच वर्षं चालू होती. 2023 मध्ये अ‍ॅन यांनी स्पष्टच सांगितलं की ही कल्पना निघाली तेव्हा माणसं जास्त होती, आता मला ती काही बरी वाटत नाही. आज पूर्णवेळ काम करणाऱ्यांत विल्यम आणि केट सोडले तर सगळे साठीच्या पुढचे. राणी एलिझाबेथ यांचे चुलतभाऊ ड्यूक ऑफ केंट यांचा जन्म 1935 चा. विल्यम यांची तीन मुलं अजून शाळेत आहेत.

त्यातल्या थोरल्या जॉर्जचा मार्ग ठरलेलाच आहे. शार्लट आणि लुई उद्या म्हणाले की आम्ही नोकरी करू आणि वर्षातून चार दिवस घरच्या कार्यक्रमाला येऊ, तर वडील काय उत्तर देतील? मे 2024 मध्ये राजे आजारी असताना बकिंगहॅम राजवाड्यात विल्यम यांनी उद्यान-मेजवानी दिली. पाहुण्यांच्या सरबराईला बिअ‍ॅट्रिस, युजीनी आणि झारा या त्यांच्या चुलत-आतेबहिणी सोबतीला होत्या. तिघी स्वतःच्या पायावर उभ्या, अनुदानाच्या बाहेर, आणि त्या दुपारी राजवाड्याच्या हिरवळीवर पाहुण्यांशी बोलत फिरणाऱ्या. हॅरीला जे मिळालं नाही ते साधारण असंच होतं, आणि तिथे त्यावर कुणी हरकत घेतली नाही.