पाडव्याच्या जाहिरातीतली वेलांटी

नमस्कार श्रोतेहो. गुढीपाडवा जवळ आला की नाशिकच्या जाहिरात संस्थांमध्ये मान वर करायला फुरसत नसते. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा इकडच्या नव्या इमारती, दुचाकींची दालनं, सराफ, सगळ्यांनाच पाडव्याच्या अंकात जागा हवी असते. त्यातली एकच जाहिरात घेऊ. एका बिल्डरची, पाव पान, साधारण 16 सेंटिमीटर रुंद, 25 उंच. सकाळी जॉब ग्राफिक डिझायनरच्या टेबलावर येतो आणि संध्याकाळी फाइल प्रेसला जायची असते.

आधी वर्तमानपत्राच्या रेट कार्डावरून नेमकं माप घ्यायचं, कारण कॉलमची रुंदी प्रत्येकाची वेगळी. मग लोगो. व्हॉट्सॲपवर आलेला लोगो मोबाइलवर छान दिसतो, पण छापला की त्याच्या कडा फाटतात. मूळ सीडीआर किंवा एआय फाइल, म्हणजे कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमधली, मागावी, चार फोन करावे लागले तरी मागावी.

खरं जिकिरीचं काम मराठी मजकुराचं. तो येतो युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावरच्या हल्लीच्या प्रमाण पद्धतीत, आणि संस्थेतले ठसठशीत फॉन्ट पुष्कळदा जुन्या पद्धतीचे. म्हणून तो कन्व्हर्टरमधून, म्हणजे एका पद्धतीचं दुसरीत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढावा लागतो. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर नोंदली जाते, जुन्या फॉन्टात अक्षराआधी. रफाराचं नेमकं उलट. साधा कन्व्हर्टर जोडाक्षरापाशी अडखळतो. ‘निश्चिंत’मधली दुसरी वेलांटी अर्ध्या ‘श’च्या आधी यायला हवी, ती ‘श’ आणि ‘च’च्या मधे घुसते. ‘खरेदी करणाऱ्यांना’ याचं ‘करणार्यांना’ होतं. स्क्रीनवर सतत तेच पाहून डोळा सरावलेला असतो, म्हणून कागदावर प्रिंट काढून मोठ्यानं वाचावं. शक्यतो ज्यानं मजकूर लावला नाही, त्यानं वाचावं.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत थेट युनिकोड टाकायचा असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड रेडी’ निवडलेलं हवं. नाहीतर वेलांटी मागे पडते आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली अक्षरं सुटी उभी राहतात. इंग्रजी मथळ्याला शोभतं म्हणून मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. दोन ओळींतलं अंतर मात्र सढळ ठेवावं. रोमन लिपीसाठी ठरलेलं 120 टक्के आपल्याला अपुरं पडतं, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. 140च्या आसपास ठेवलं की मजकूर मोकळा होतो.

आता शाई. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, 100 टक्के. छपाईच्या चारही रंगांचा मिळून काळा केला आणि एखाद्या रंगाची प्लेट केसभर सरकली, तर अक्षराला रंगीत सावली येते. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, ठिपके पसरतात, म्हणून फोटोतल्या मधल्या छटा आधीच उजळून घ्याव्यात. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरं तर टाळावीतच, ती बुजतात.

बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक लागतोच आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. लेआउट सुंदर दिसावा म्हणून तो कोड कोपऱ्यात नखाएवढा करणं किंवा इमारतीच्या रंगात बुडवणं चूक आहे. निदान 2 सेंटिमीटर, निव्वळ काळा, भोवती पांढरी मोकळी जागा. घर घेणारा माणूस त्या चौकोनातूनच प्रकल्पाची खरी माहिती पाहतो.

हेच डिझाइन मुंबई नाक्यावरच्या 20 बाय 10 फुटांच्या होर्डिंगला लागणार असेल, तर फुटाला इंच या प्रमाणात 300 डीपीआयची, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांची, फाइल पुरते. मजकूर सहा-सात शब्दांवर आणावा, आणि होर्डिंगच्या प्रत्यक्ष मापात कडेची चार इंच जागा फ्रेमवर ताणण्यासाठी सोडावी.

पाठवताना फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पीडीएफ करायची, पण कर्व्ह न केलेली प्रत निराळी जपायची. साडेसहाला फोन येतो, ‘बुकिंगचा नंबर बदलला.’ कर्व्ह झालेल्या अक्षरांत आकडा टाइप करता येत नाही. नवा नंबर टाकला की तो ऐकून नव्हे, प्रिंटवरून स्वतःच्या मोबाइलवर लावून पाहायचा, पलीकडे बिल्डरचंच ऑफिस बोलतंय ना, ते ऐकायचं आणि मगच फाइल सोडायची.