काचीगुड्याचे मास्तर

[पडद्यावर: परभणी स्थानक. फलाटावर सामान, गर्दी, चहावाला. गाडी लागते.]

मनमाडहून निघालेली गाडी संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला जाते. मराठवाड्याच्या कितीतरी पिढ्या या रुळांवरून गेल्या. कुणी शिकायला, कुणी दवाखान्याला, कुणी कोर्टकचेरीला. त्यामुळे हैदराबादचं काचीगुडा म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतं ते स्टेशन. त्याच काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये एकेकाळी सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक मास्तर शिकवायचे. भारतीय फुटबॉल संघाने आशियाई स्पर्धेत आजवर दोन सुवर्णपदकं जिंकली, १९५१ आणि १९६२ साली. दोन्ही वेळा संघाचे प्रशिक्षक हेच मास्तर होते.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ सालचा, हैदराबादचा. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्याच राज्यात होते. म्हणजे माणूस आपल्याच राज्यातला. तरी मराठवाड्यातल्या शंभर पोरांना त्यांचं नाव विचारा, हात वर करणारी पाच सापडली तरी खूप झालं.

खेळाडू म्हणून ते उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून पुढे आले. पुढे शहरातल्या क्लबकडूनही खेळले, पण त्यावर फार रेंगाळायला नको. फुटबॉल खेळून घर चालावं असा तो काळच नव्हता. पदवी झाली, शाळेत नोकरी लागली, मग त्यांनी शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केला आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत ते पद त्यांच्याकडेच राहिलं. थोडक्यात, हा गडी मैदानावर खेळायला कमी आणि शिकवायला जास्त उभा राहिला. मला विचाराल तर त्यांची सगळी ताकद त्यातच होती. शाळामास्तराला एक गोष्ट रोज कळत असते: वर्गातल्या प्रत्येक पोराचं अडतं, पण प्रत्येकाचं वेगळ्या ठिकाणी अडतं.

म्हणून त्यांनी सामन्यांचे नियमच बदलून पाहिले. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. चेंडू आला की पुढे द्यायचा, पायात घोळवत बसायचं नाही. दुसऱ्या स्पर्धेत ठरावीक उंचीच्या आतलीच पोरं, म्हणजे धिप्पाड गड्यांच्या धक्क्याखाली चिमुरडी चिरडली जाणार नाहीत. आणि एक स्पर्धा अशी की जो पाय कच्चा, त्यानेच खेळायचं.

[पडद्यावर: परभणीतलं एक मैदान. उजव्या पायाला रुमाल बांधलेली मुलं.]

हा शेवटचा प्रकार आम्ही परभणीतल्या काही मुलांना खेळायला लावला. उजव्या पायाला रुमाल बांधायचा आणि त्या पायाने मारलेला गोल धरायचा नाही, एवढाच नियम. पहिली दहा मिनिटं नुसता तमाशा. चेंडू मारायचा गोलाकडे, जायचा पाण्याच्या टाकीकडे. एक सातवीतला पोरगा रडकुंडीला आला. "सर, डावा पाय लागंना की!" सर कडेला उभे. "लागंना म्हणून तर खेळायचं. हाण!" थोड्या वेळाने मात्र वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. पायावर भरवसा नसल्यामुळे पोरं चेंडू पोचायच्या आधीच मान वर करून बघायला लागली होती. आपला माणूस कुठे आहे, मोकळी जागा कुठे आहे, आल्या आल्या चेंडू कुणाकडे ढकलायचा. त्या सातवीतल्या पोराने डाव्या पायाच्या आतल्या बाजूने एक पास असा अलगद सरकवला की तो स्वतःच बघत राहिला. या सगळ्याला खर्च किती? एका रुमालाचा.

१९५०च्या सुमारास हैदराबाद सिटी पोलीसचा संघ रहीमसाहेबांच्या हाती होता. इथे थोडं थांबायला हवं, कारण ही गोष्ट मराठवाड्यातल्या पोराला झटकन कळेल. पहाटे पाचला मैदानावर धावणारी, गोळा फेकणारी, भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेली मुलं आपल्या प्रत्येक तालुक्याला आहेत. त्या काळात फुटबॉलपटूचाही तोच हिशोब होता. कागदोपत्री सगळे हौशी, चूल पेटायची ती पोलीस, रेल्वे नाहीतर लष्कराच्या पगारावर. नोकरी होती म्हणून खेळ टिकला. आणि खेळ कसा, तर मुंबईच्या कूपरेज मैदानावर रंगणारा मानाचा रोव्हर्स चषक या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबादला नेला. कलकत्त्याचे बलाढ्य क्लब बघत राहिले.

देशाच्या संघाची जबाबदारीही तेव्हाच आली. १९५१ साली दिल्लीत पहिली आशियाई स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मेवालाल यांनी एकमेव गोल केला आणि सुवर्ण मिळालं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने १०-१ असं धुतलं. थंड हवा, ओलं मैदान आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. आपण या अनवाणी खेळण्याच्या आठवणी फार कौतुकाने सांगतो. माझ्या मते कौतुक कमी आणि अभ्यास जास्त व्हायला हवा होता. रहीमसाहेबांनी तेच केलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. शिवाय ते स्पर्धा जिंकणाऱ्या हंगेरीकडे बघून आले. मधला फॉरवर्ड पुढे गोलपाशी न ठेवता जरा मागे ठेवायचा, म्हणजे त्याच्यावर डोळा ठेवणाऱ्या बचावपटूला पुढे यावं की जागेवर थांबावं हेच सुधरत नाही. तो पुढे आला की त्याच्या पाठीमागे रान मोकळं.

मग आलं १९५६. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. मराठवाडा हैदराबादपासून सुटला आणि मुंबई राज्यात गेला. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवून ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅट्‌ट्रिक. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. पहिला गोल आपण केला, पण शेवटी ४-१ असे हरलो. तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाकडूनही हरलो. चौथा क्रमांक. त्या संघात हैदराबादचे इतके खेळाडू होते की महिनाभर आधी हा निकाल आला असता तर औरंगाबाद-परभणीकरांनाही ती पोरं आमच्या राज्याची म्हणता आली असती.

१९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये गट अवघड होता. हंगेरीशी २-१ अशी झुंजून हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून पराभव. पुढे जाता आलं नाही. पण फ्रान्सविरुद्धचा गोल करणारा कर्णधार लक्षात ठेवा: प्रदीपकुमार बॅनर्जी. सगळे त्याला पीके म्हणायचे. त्याचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

[पडद्यावर: जकार्ता, १९६२. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

१९६२ सालची जकार्ताची आशियाई स्पर्धा. रहीमसाहेबांना कर्करोगाने गाठलं होतं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असं हरवलं. थायलंडविरुद्ध ४-१ असे जिंकलो, पण भरवशाचा बचावपटू जर्नेल सिंग डोकं फुटून बाहेर आला. टाके पडले. त्यात बाहेरचं वातावरण तापलेलं. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि स्थानिक लोक भारतावर खवळले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला.

आता प्रशिक्षकाने काय करायचं? जर्नेल उंचापुरा, अंगाने दणकट, पण डोक्याला पट्टी. बचावात खेळवला तर दर दोन मिनिटांनी हवेतला चेंडू डोक्याने परतवावा लागणार. रहीमसाहेबांनी त्याला उचलला आणि थेट पुढे, सेंटर फॉरवर्डला उभा केला. जो आयुष्यभर फॉरवर्डना अडवत आला, त्याला अडवणारा कुठे चुकतो हे पक्कं ठाऊक असणार, एवढा साधा विचार त्यामागे असावा, असं मला वाटतं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असं हरवलं, त्यात जर्नेलचा एक गोल. अंतिम सामन्यासाठी गोलकीपरही बदलला. तापातून उठलेला पीटर थंगराज गोलमध्ये आला.

४ सप्टेंबर. जवळपास लाखभर प्रेक्षक आणि त्यातले बहुतेक आपल्या विरोधात. भारताच्या बाजूने ओरडणारे कोण होते माहितेय? पाकिस्तानचा हॉकी संघ. खेळाडूंनी नंतर हे मुद्दाम आठवून सांगितलं. समोर तोच दक्षिण कोरिया. सतराव्या मिनिटाला पीकेचा गोल. तीनच मिनिटांनी जर्नेल सिंगचा. शेवटी शेवटी कोरियाने एक फेडला, पण २-१ वर सामना संपला. त्यानंतर भारताला फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण मिळालेलं नाही.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब गेले. वय ५३.

त्यांच्या हाताखाली खेळलेल्या पीकेची पुढची वाट मात्र सांगायला हवी, कारण खेळाडूचा प्रशिक्षक कसा होतो ते तिथे नीट दिसतं. पीके ईस्टर्न रेल्वेकडून खेळायचा. कलकत्त्याच्या तीन बड्या क्लबांपैकी एकाचीही जर्सी त्याने घातली नाही. आणि प्रशिक्षक झाल्यावर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोघांनाही त्यानेच जिंकायला शिकवलं. १९७० साली बँकॉकला भारताने कांस्य मिळवलं तेव्हा प्रशिक्षकांपैकी एक पीके होता आणि कर्णधार हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन. हा नईमुद्दीनही पुढे प्रशिक्षक झाला. खेळाडू म्हणून अर्जुन, प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य, दोन्ही पुरस्कार त्याच्या नावावर आहेत. शिवाय रहीमसाहेबांचे चिरंजीव एस. एस. हकीम. रोम ऑलिंपिकच्या संघात होते, मग फिफाचे पंच झाले, प्रशिक्षकही झाले.

एवढं सगळं हैदराबादेत घडत असताना आपल्याकडे फुटबॉल का रुजला नाही? गाडी तर रोज जात होती. माझं उत्तर असं: हैदराबादेत छावणी होती, पोलिसांचा संघ होता, कॉलेजं होती, आणि त्या सगळ्यांना बांधणारी असोसिएशन होती. आपल्या गावांत काळी जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात पाय वर निघत नाही असा चिखल. तिथे कबड्डी, खो-खो, कुस्ती, व्हॉलीबॉल जमलं, कारण कमी जागेत भागतं. संभाजीनगरच्या आमखास मैदानावर फुटबॉल आजही दिसतो, तोही छावणीच्याच शहरात. आणि आणखी एक: शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो, पण परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी गणिताकडे जातो तोही तोच.

[पडद्यावर: परभणीतलं तेच मैदान. शाळेची भिंत.]

परभणीच्या त्या सरांनी आता पुढचा प्रयोग काढला आहे. उंचीची अट घालून सामने. शाळेच्या भिंतीवर खडूने पाच फुटांची रेघ मारून झाली आणि भांडणंही सुरू झाली. नववीतला एक लांबडा पोरगा गुडघे वाकवून, मान खांद्यात घालून रेघेखाली बसवून घ्यायला बघतोय.

"नीट उभा ऱ्हा!"

"नीटच हाय सर, मी एवढाच हाय."

मागची सगळी रांग हसतेय, आणि सर त्याच्या हातात शिट्टी देऊन म्हणतात, "चल, तू पंच."